खुर्चीतला दिवा

कुणाच्या नव्या घरी गेलं की चपला काढता काढता माझी नजर आधी बसायच्या जागेवर जाते. पडदे, झुंबरं, भिंतीचा रंग हे सगळं नंतर. यजमान "या, बसा ना" म्हणतात आणि आपण कसे बसतो त्यावरून घर काय ते कळून चुकतं. काही घरांत पाच मिनिटांत पाय वर घेतलेले असतात, एक उशी पोटाशी आलेली असते आणि चहाचा कप कुठे ठेवायचा हे विचारावं लागत नाही. काही घरांत आपण नुसते कडेला टेकतो. पाठ टेकायचा धीर होत नाही, कारण मागच्या पाच उशा कुणीतरी कोन साधून उभ्या केलेल्या असतात.

माझ्या चुलतभावाचा बाणेरचा फ्लॅट हा दुसऱ्या जातीतला. घर देखणं आहे, यात वाद नाही. इटालियन मार्बल, छताच्या खाचेत लपवलेले दिवे, बोट लावलं की स्वतःहून मिटणारे ड्रॉवर, टीव्हीमागे अक्रोडी रंगाचं पॅनेल. देवघराच्या दारालाही लेझरनं कापलेली जाळी. डिझायनर बाईंनी मन लावून काम केलंय. फक्त सोफा इतका खोल आहे, की काकूनं पाठ टेकली तर तिचे पाय जमिनीला लागत नाहीत. म्हणून ती दिवसभर जेवणाच्या टेबलाशी, स्वयंपाकघराकडे तोंड असलेल्या एका खुर्चीवर बसते. तिथूनच भाजी निवडते, तिथूनच मालिका पाहते, तिथूनच आल्यागेल्याला हाक मारते. दीड हजार चौरस फुटांचं घर आणि त्यात तिची म्हणून जागा तेवढी. तिची तक्रार काही नाही. मलाच उगीच वाटत राहतं, की घराचं माप घेताना काकूचं माप घ्यायचं राहिलं.

वाईला आजोळी बैठकीची खोली होती. भिंतीच्या कडेनं गाद्या, वर पांढरी चादर ताणून चारी बाजूंनी खोचलेली, टेकायला लोड आणि लोडांच्या टोकांना कधीकाळी लाल असलेले गोंडे. दोन माणसं आली तरी खोली भरलेली वाटायची आणि वीस आली तरी सरकून सरकून मावायची. खुर्चीला असा सरकण्याचा गुण नाही. मला सगळ्यांत आठवतात ते भिंतीवरचे डाग. बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, हातभर अंतराअंतरानं तेलकट गोल उमटलेले. दर दिवाळीला चुना लागायचा आणि होळीपर्यंत गोल पुन्हा वर यायचे. दाराजवळचा फिकट, कोपऱ्यातल्या लोडावरचा सर्वांत गडद, कारण ती आजोबांची जागा. त्या बैठकीचे गोडवे गाताना एक मात्र विसरायला नको. कुणी लोडाला टेकायचं आणि कुणी उंबऱ्याशी बसायचं, हे न सांगता ठरलेलं असायचं. आजीच्या डोक्याचा डाग त्या भिंतीवर कधी पडला नाही. ती माजघराच्या दारात उभी.

बसण्याचा हा छंद डोक्यात असल्यामुळेच असेल, इंदूरच्या माणिकबाग राजवाड्याचे जुने फोटो पाहताना मी बाकी सगळं सोडून तिथल्या खुर्च्यांपाशी अडकले. विशेषतः ग्रंथालयासाठी केलेल्या दोन खुर्च्यांपाशी. फोटो काळेपांढरे, खुर्च्या प्रत्यक्षात लालभडक होत्या, हे नंतर कळलं. उंच पाठ, रुंद हात, सगळं सरळ रेषेत, नक्षीचा ठिपका नाही. आणि पाठीतच दिवे बसवलेले. म्हणजे पुस्तक घेऊन बसावं, बटण दाबावं आणि खोलीत बाकी अंधार असला तरी पानापुरता उजेड व्हावा. शंभरेक वर्षांपूर्वी, माळव्यात.

दिवा असलेल्या खुर्चीला वायर आली. वायर आली की खुर्ची एका जागी खिळली. गप्पा रंगल्या म्हणून ती पुढे ओढून घेता येत नाही, कुणी नवं आलं म्हणून तिरकी करता येत नाही. तिच्यात बसणाऱ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी त्याला वाचू द्यायचं, एवढाच तिचा करार.

खुर्ची बनवून घेणारे यशवंतराव होळकर तेव्हा जेमतेम एकवीस-बावीस वर्षांचे. त्यांचे वडील, तिसरे तुकोजीराव, मुंबईतल्या बावला खून प्रकरणाच्या वादळात १९२६ साली गादीवरून पायउतार झाले. सतरा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला राज्य आलं आणि त्यासोबत देशभरच्या वर्तमानपत्रांनी महिनोन्महिने चघळलेलं घराण्याचं नावही. प्रत्यक्ष अधिकार हाती आले ते १९३० साली. मधल्या काळात ऑक्सफर्ड. तिथे त्यांची गाठ पडली एकार्ट मुथेसियस या बर्लिनच्या तरुण वास्तुरचनाकाराशी. त्याचे वडील हर्मन मुथेसियस यांनी इंग्रजांच्या घरांवर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला होता. घर कसं असावं ही चर्चा त्याच्या घरात जेवणाच्या टेबलावरच चालत असणार. दोघांची मैत्री जमली आणि यशवंतरावांनी आपलं राहतं घर या पंचविशीतल्या मित्राच्या हाती सोपवलं. सोपवलं म्हणजे पूर्ण सोपवलं. भिंती, दिवे, कड्याकोयंड्यांपासून फर्निचरपर्यंत.

इंदुरात वाड्यांची काही वाण नव्हती. शहराच्या पोटात सात मजली राजवाडा होता, अठराव्या शतकातला, लाकडाचा आणि दगडाचा. खान नदीच्या काठी लालबाग होता, तो पुरा व्हायला १९२१ साल उजाडलं. लालबागेत युरोपातल्या राजांकडे जे जे म्हणून असतं ते सगळं आहे: रंगवलेली छतं, सोनेरी वेलबुट्टी, झुंबरं, नाचाचा दिवाणखाना आणि बाहेर लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकाच्या धर्तीवरचं लोखंडी फाटक. स्वयंपाकघर नदीच्या पलीकडे आणि ताटं यायची ती नदीखालच्या भुयारातून. पाहुण्यांना फोडणीचा वास येऊ नये म्हणून नदीखालून वाट काढणारा माणूस मला मनापासून आवडतो, पण त्याच्या घरात मला राहता येणार नाही. लालबाग हे दाखवायचं घर आहे. तिथली प्रत्येक खुर्ची आपल्यावर कोण बसलंय हे समोरच्याला सांगायला उभी आहे. यशवंतरावांनी असं घर मागितलं, की ज्यात कुणाला काही सांगायचं नाही.

माणिकबागेचं काम १९३० ते ३३ या काळात झालं. पॅरिसच्या रूलमननं अभ्यासिकेचं काळ्याभोर मकासर एबनीतलं टेबल दिलं. लुई सोन्यो आणि शार्लोत अलिक्स यांनी काच आणि चकचकीत धातूचे पलंग केले. गालिचे इव्हान दा सिल्वा ब्रून्स यांचे, चांदीची भांडी प्यूइफोरकाची. आज या नावांनी जगभरच्या संग्रहालयांचे क्युरेटर हळवे होतात. तेव्हा ही सगळी आपापल्या कामात गुंतलेली, जिवंत, बिलं पाठवणारी माणसं होती. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. यशवंतरावांनी पुरातन वस्तू गोळा केल्या नाहीत. त्यांनी त्या महिन्यात बनत असलेल्या वस्तू विकत घेतल्या. त्या पुढे मोलाच्या ठरतील की अडगळीत जातील, हे सांगायला कुणी नव्हतं.

हे सामान युरोपातून बोटीनं आलं. पुढचा प्रवास मी मनातल्या मनात करते. मुंबईहून रेल्वेनं खंडव्यापर्यंत आलं असेल, तर तिथे मोठ्या रुळांवरची गाडी संपायची आणि इंदूरकडे जाणारी मीटरगेज सुरू व्हायची. या मार्गासाठी १८७० च्या सुमारास दुसऱ्या तुकोजीरावांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. तर खंडव्याच्या फलाटावर हमालांनी पेटारे एका डब्यातून दुसऱ्या डब्यात चढवले असतील, पातालपाणीचा घाट चढताना आतल्या काचा एकमेकींवर किणकिणल्या असतील, आणि इंदूरला पोचल्यावर कुणीतरी पेंढा बाजूला सारून ॲल्युमिनियमच्या नळ्या बाहेर काढल्या असतील. ज्या घरांतून ते हमाल आले होते, तिथे भात जर्मनच्या पातेल्यात शिजत असणार. धातू तोच.

या खुर्च्यांचं एक कुटुंब लावता येतं. आयलीन ग्रेची 'ट्रान्झॅट' ही अटलांटिक ओलांडणाऱ्या बोटींच्या डेकवरच्या आरामखुर्चीवरून सुचलेली: लाकडी चौकट आणि तिच्यात झोळीसारखी टांगलेली बैठक. ल कॉर्ब्युझिए, जानरे आणि पेरियाँ यांची लांबलचक आरामखुर्ची, तिच्यावर इंदुरात बिबट्याचं कातडं. रूलमनची कामाची खुर्ची. आणि मुथेसियसच्या त्या लाल, दिवेवाल्या. सगळ्या एकेका माणसाच्या. हे नीट पाहिल्यावर मला चमकायला झालं. आरामखुर्चीवर दुसऱ्याला 'सरक' म्हणता येत नाही. डेकवरच्या खुर्चीत पडलेला माणूस समुद्राकडे पाहतो, शेजाऱ्याकडे नाही. राजाच्या घरात एवढं एकट्याचं सामान कशाला?

राजाचा मुलगा जन्मल्यापासून एकटा नसतोच. पाळण्याशी दाई, जेवताना खिदमतगार, शिकायला मास्तर, झोपेत दाराबाहेर पहारा. निजायच्या खोलीतून न्हाणीघरात जायचं तरी कुणीतरी मुजऱ्याला वाकतं. गादी म्हणजे तर उघड्यावर बसण्याचीच जागा. तिच्यावर बसलेल्याला सगळ्यांनी पाहायचं असतं. अशा माणसाला हिरे-माणकांचं काय अप्रूप असणार? ती त्याच्याकडे न मागता आलेली. त्याला चैन वाटत असेल ती रात्री नऊनंतर पाठ टेकून, आपल्या हातानं दिवा लावून, दोन तास कुणी आत न येण्याची. हा अर्थातच माझा तर्क. पण माणसाच्या पत्रांइतकाच मी त्याच्या खुर्चीवर विश्वास ठेवते.

आम्हाला लहानपणी एकटं बसायचं असेल तर गच्चीवर जावं लागायचं. दोन खोल्यांत सात माणसं. परीक्षेच्या दिवसांत मी जिन्याच्या वळणावरच्या पायरीवर बसून वाचायचे. येणारा-जाणारा "अभ्यास का गं?" म्हणून ओलांडून जायचा. ठराविक वेळी मोरीचं दार लावून नुसतं उभं राहण्याचा मार्गही आमच्यापैकी प्रत्येकानं शोधून काढलेला होता. बाहेरून बादली वाजली की वेळ संपली. आणि आता भावाच्या फ्लॅटमध्ये प्रत्येकाला दार असलेली खोली आहे. दोन्ही मुलं दारं लावून, कानांत यंत्रं घालून बसतात. वहिनी म्हणते, "अहो, जेवायला बोलवायचं तर मेसेज करावा लागतो." महाराजांना १९३० साली बर्लिनहून माणूस बोलावून जे मिळवावं लागलं, ते बाणेरमध्ये आठवीतल्या मुलाला हप्त्यांवर मिळतं आहे. याचं कौतुक करावं की काळजी, हे मला अजून ठरवता येत नाही. जिन्यातल्या पायरीची मला हौस नव्हती, हे नक्की.

पण माझ्या या एकटेपणाच्या सिद्धान्ताला त्या खुर्च्यांनीच खोडा घातला. त्या दोन आहेत. हुबेहूब एकसारख्या.

यशवंतरावांच्या पत्नी संयोगिताराजे कागलच्या घाटगे घराण्यातल्या. लग्न झालं तेव्हा दोघंही मुलंच होती. मॅन रेनं काढलेले या जोडप्याचे फोटो आहेत. त्यात ती दोघं कुठल्याही राजघराण्याच्या फोटोत नसतात इतकी सैल आहेत, एकमेकांना टेकलेली, हसण्याच्या बेतात असलेली. शंभर माणसांच्या राबत्यात वाढलेल्या दोन माणसांना जे एकटेपण हवं असतं ते कदाचित एकट्याचं नसतंच. एकानं वाचावं, दुसऱ्यानंही वाचावं, मधेच एक पान मोठ्यानं वाचून दाखवावं. वाईच्या बैठकीवर आजी-आजोबा असे शेजारी बसलेले मी एकदाही पाहिले नाहीत. तिथे तिची जागाच नव्हती. इथे दोघांच्या खुर्च्यांची उंची एक, दिवे एक. घराच्या रचनेत एवढी मोठी गोष्ट इतक्या गुपचूप सांगितलेली मी फार कमी ठिकाणी पाहिली आहे.

बर्नार बूते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकारानं यशवंतरावांची दोन मोठी चित्रं केली. १९२९ च्या चित्रात ते पाश्चात्त्य संध्यापोशाखात आहेत, सडपातळ, लांबसडक बोटांचे. १९३४ च्या आसपासच्या चित्रात मराठा पोशाख, पगडी, पांढऱ्याशुभ्र गादीवर बसलेले. माणूस तोच, चेहऱ्यावरचा दूरचा भावही तोच. दुसऱ्या चित्रासमोर लोक म्हणतात, हा खरा राजा. पहिल्यासमोर म्हणतात, हा खरा यशवंत. मला दोन्ही पोशाखच वाटतात. माणिकबागेत ज्या खुर्चीत ते खरोखर बसत असतील, तिच्यातलं त्यांचं चित्र कुणी काढलं नाही. ते बरंच झालं.

१९३७ साली संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये वारल्या, ऐन विशीत. त्याआधी यशवंतरावांनी पॅरिसच्या कोन्स्टान्तिन ब्रांकुशीकडून 'अवकाशातला पक्षी' हे शिल्प ब्राँझमध्ये घेतलं होतं. मग काळ्या आणि पांढऱ्या संगमरवरात आणखी दोन पक्षी करवून घेतले. या पक्ष्यांसाठी इंदुरात एक छोटं ध्यानमंदिर बांधायचं, असा बेत होता: आत पाणी, पक्ष्यांची शिल्पं, आणि शिरायचं ते जमिनीखालच्या वाटेनं. या कामासाठी ब्रांकुशी इंदूरला येऊनही गेला. मंदिर झालं नाही. संगमरवरी पक्षी १९७३ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयानं घेतले. ते आता कॅनबेरात असतात. वडिलांच्या पिढीनं जमिनीखालून वाट काढली ती जेवणाच्या ताटांसाठी, आणि मुलाला ती हवी होती गप्प बसायला जाण्यासाठी. दोन पिढ्यांत एवढं अंतर पडू शकतं.

यशवंतराव १९६१ साली मुंबईत गेले. १९८० साली माणिकबागेतलं सामान माँटे कार्लोमध्ये लिलावात निघालं. पलंग, दिवे, गालिचे, खुर्च्या एकेक करून जगभर पांगल्या. वाईचा वाडा पडला तेव्हा आम्हाला लिलाव करावा असं काही निघालंच नाही. गाद्यांचा कापूस पिंजून पुन्हा भरला, लोडांची खोळ फाडून फडकी झाली आणि भिंतीवरच्या तेलाच्या डागांसकट भिंत गेली. ज्या घरात प्रत्येक वस्तूला कर्ता असतो, सही असते, बिल असतं, ते घर वस्तूवस्तूनं विकता येतं. २०१९ साली पॅरिसच्या शोभिवंत कलांच्या संग्रहालयात या महाराजांवर मोठं प्रदर्शन भरलं आणि पांगलेलं बरंचसं सामान काही महिन्यांपुरतं एका छपराखाली आलं. लग्नाला नातेवाईक जमावेत आणि हळद उतरायच्या आत आपापल्या गाड्या पकडाव्यात, तसं.

आता माणिकबागेत केंद्र सरकारच्या करखात्याचं कार्यालय आहे. इंदुरात यशवंतरावांचं नाव रोज हजारो लोकांच्या तोंडी येतं, पण ते 'एम.वाय.' रुग्णालयात कुणालातरी भरती केलंय म्हणून. लोकमान्यनगरात राहणाऱ्या माझ्या मावशीच्या लेखी माणिकबाग म्हणजे एक रस्ता आणि एक पूल, जिथे संध्याकाळी रिक्षा हमखास अडकते.

मागच्या खेपेस मी तिला मोबाइलवर हे सगळे फोटो दाखवले. तिनं चष्मा चढवून, बोटांनी मोठे करकरून पाहिले. काचेचा पलंग पाहून म्हणाली, "पुसायला रोज एक बाई लागत असेल गं." दिव्याची खुर्ची मात्र तिला पटली. "हे बरं केलंय. तुझे काका रात्री पेपर वाचतात नं, मोठा लाइट लावून ठेवतात, मला झोप नाही येत." मग पुन्हा पहिल्या फोटोवर गेली, शेवटपर्यंत आली, आणि चष्मा काढून मला विचारलं, "सगळं छान आहे. पण चार माणसं एकदम आली तर बसवायची कुठे?"

मी सांगायला लागले, की पाहुण्यांसाठी वेगळ्या खोल्या असतील, मेजवानीचा दिवाणखाना असेल. तिचं लक्ष नव्हतं. रविवारी पुण्याहून साखरपुड्याला माणसं यायची होती. ती स्टुलावर चढून माळ्यावरच्या गाद्या मोजत होती आणि खालून काका ओरडत होते, की तू उतर, मी मोजतो.